पहिल्या वर्षाचं गेमिंग कन्व्हेन्शन: नाव, चेहरा आणि वेबसाइट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला बोर्ड गेम खेळणारा एक गट पुढच्या वर्षी दोन दिवसांचं गेमिंग कन्व्हेन्शन भरवू पाहतो आहे. बोर्ड गेम, रोल-प्लेइंग (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र निभावायचे खेळ) आणि थोडे व्हिडिओ गेम असतील. हजारभर लोक यावेत अशी अपेक्षा आहे, पैसा बेताचा आहे. लोगो आणि वेबसाइट कुणाकडून, कशी आणि कोणत्या क्रमाने करून घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत लोगोचे तीन नमुने पाठवलेत. तिन्हींत जांभळ्या-निळ्या निऑनमधला गेमपॅड आहे, आणि एकात त्या गेमपॅडवर शनिवारवाड्याचा दरवाजा बसवला आहे. लोगोकडे येतोच, पण जरा उशिरा.

पहिल्या वर्षी तिकीट काढणारा माणूस अजून अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीसाठी पैसे मोजत असतो. हे खरंच होणार आहे का, तिथे मला नक्की काय करायला मिळेल, आणि एकटाच गेलो तर कोपऱ्यात उभा राहीन का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. नावापासून तिकिटाच्या पानापर्यंत जे काही कराल त्याने यांतल्या एखाद्या शंकेचं निरसन झालं पाहिजे. ज्याने होत नाही ते पहिल्या वर्षी करू नका.

आता कन्व्हेन्शन कशावर उभं करायचं ते ठरवा. ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं बडं प्रदर्शन १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. कंपन्यांच्या नव्या घोषणा हा त्याचा मुख्य आधार होता. कंपन्या त्या घोषणा थेट व्हिडिओवरून करू लागल्या आणि तो आधारच गेला. जेन कॉन या टेबलावरच्या खेळांच्या कन्व्हेन्शनचं (थोडक्यात ‘कॉन’) उलट झालं. १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स या खेळ रचणाऱ्या माणसाने ५० डॉलर भाड्याने एक हॉल घेतला आणि शंभरेक माणसं खेळायला जमली. ते आज इंडियानापोलिसला भरतं, हजारो लोक दरवर्षी जातात, कारण टेबलापलीकडचा माणूस व्हिडिओवर मिळत नाही. तुमच्याकडे मोठ्या कंपन्या येणार नाहीत, त्यामुळे निवड तशीही सोपी आहे. लोकांना खेळायला बोलवा, बघायला नको.

त्याचं एक वाक्य करा. मी सुचवेन: ‘एकटे या, अर्ध्या तासात कुठल्या तरी टेबलावर खेळत असाल.’ हे छापायचं घोषवाक्य असेलच असं नाही, पण पुढचे निर्णय त्यावर तपासता येतात. मग प्रवेशद्वाराशी फक्त नवख्यांना टेबल मिळवून देणारे स्वयंसेवक लागतील आणि त्यांचा टी-शर्ट दुरून ओळखू यायला हवा. अमेरिकेतल्या काही कॉनमध्ये टेबलावर ‘खेळाडू हवेत’ अशी उभी पाटी ठेवायची पद्धत आहे. ती पाटी हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा छापील नग आहे, व्यासपीठामागचा फ्लेक्स नाही. डिझायनरला काम देताना यादीत ती पाटी वर लिहा.

नावाबद्दल. ‘इंडिया’, ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’ हे शब्द पहिल्या वर्षी लावू नका. हजार माणसांच्या हॉलमध्ये ते केविलवाणे दिसतात. दोन-तीन अक्षरी, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येईल असं नाव हवं. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होत असेल तर ते बाद. ‘कॉन’ शब्द जोडायला हरकत नाही, पण दुसऱ्याच्या नावाच्या जवळ जाऊ नका. सॅन डिएगो कॉमिक-कॉनने सॉल्ट लेक सिटीतल्या कॉमिक कॉनवर २०१४ मध्ये दावा लावला. डिसेंबर २०१७ मध्ये ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली अवघी २० हजार डॉलर, पण पुढे सॉल्ट लेकवाल्यांना समोरच्याच्या वकिलांचे सुमारे ४० लाख डॉलर भरायचा आदेश झाला आणि नाव बदलावं लागलं ते वेगळंच. आपल्याकडे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधणं फुकट आहे. वर्ग ४१ मध्ये करमणूक आणि कार्यक्रम येतात, वर्ग ३५ मध्ये व्यापारी प्रदर्शनं. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क वर्गामागे ४,५०० रुपये आहे. लोगोवर पहिला रुपया खर्च करण्याआधी हे करा.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ‘डॉट इन’ घ्या, मिळालं तर ‘डॉट कॉम’ही. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ हवं तर घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा. पोस्टरवर मात्र तो एकच पत्ता नको, कारण घाईत फोनचा कीबोर्ड बदलून पत्ता टाइप करणारे फार थोडे. डोमेनमध्ये वर्ष नको. दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते आणि लोकांनी दिलेल्या जुन्या लिंका वाया जातात.

नावात आणि पहिल्या ओळीत ‘गेमिंग’ हा शब्द कितपत ठेवायचा याचा नीट विचार करा. तुमच्या गटात त्याचा अर्थ स्पष्ट आहे. बाहेर रमी आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिरातींनी तो पार गढूळ करून ठेवलाय, आणि पणजीत ‘गेमिंग’ म्हटलं तर मांडवीतले कॅसिनो डोळ्यांपुढे येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली आणि त्यांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे, म्हणजे तुमच्या कामाला धोका नाही. पण हॉलचा व्यवस्थापक, पोलीस परवानगीचा अर्ज घेणारा कर्मचारी आणि मुलाच्या तिकिटाचे पैसे देणारी आई यांना हा फरक आपोआप कळणार नाही. म्हणून नावाखाली कायम एक साधी ओळ ठेवा: ‘बोर्ड गेम, रोल-प्लेइंग आणि व्हिडिओ गेमचा मेळा’. आणि ज्यांच्या ॲपवर पैसे लावले जातात त्यांचं प्रायोजकत्व कितीही मोठं असो, नको म्हणा. प्रायोजकांच्या पट्टीतला एक लोगो तुमचा सगळा चेहरा बदलून टाकतो.

एकाच खेळाभोवतीही ओळख बांधू नका. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय (त्याचीच भारतीय आवृत्ती) जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांच्या पोस्टरवर फक्त तोच होता त्यांनी काय करायचं? शिवाय प्रसिद्ध खेळांतली पात्रं आणि चित्रं परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, मग तुमचा हेतू कितीही प्रेमाचा असो.

आता लोगो. गेमपॅड वाईट का? कारण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापासून गेमिंग कॅफेपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि तुमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक फासे आणि पत्ते घेऊन बसणार आहेत. शनिवारवाडा वाईट का? पुण्यातल्या प्रत्येक मॅरेथॉनने, खाद्यमहोत्सवाने आणि बिल्डरने तो वापरून झालाय. सारीपाटाचा अधिक चिन्हासारखा पट हा खरा आपल्या भागातला खेळाचा आकार आहे. तो सांस्कृतिक सजावट म्हणून न वापरता आकाराच्या बळावर वापरता आला तर बघा. नाही जमला तर नुसतं अक्षरांतलं नाव पुरे. चिन्ह असायलाच हवं असा नियम नाही.

लोगो पुढे कुठे कुठे जाणार त्यावर तो तपासा. ब्राउझरच्या टॅबमधलं इवलंसं चिन्ह, मनगटपट्टीवर एका रंगात, टी-शर्टवर भरतकामात, आणि वीस फुटी कमानीवर. ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणं) आणि चमक यातल्या पहिल्या तीन ठिकाणी मरते. म्हणून आधी एका सपाट काळ्या रंगात लोगो मागा. तो उभा राहिला तरच रंगाकडे वळा.

निऑनची गंमत छापखान्यात कळते. स्क्रीनवरचा झगमगता हिरवा आणि विजेसारखा जांभळा हे रंग चार शाईंच्या छपाईत बसतच नाहीत. हिरवा शेवाळी होतो, जांभळा मळकट दिसतो. फ्लेक्स, स्टँडी, ओळखपत्रं सगळी त्याच छपाईतून येणार आहेत, म्हणजे हॉलमध्ये शिरल्यावर दिसणारा ब्रँड आणि फोनवरचा ब्रँड दोन वेगळे. छपाईत टिकणारे दोन-तीन रंग आधी निवडा, ज्या छापखान्यातून काम होणार तिथूनच हातभर फ्लेक्सचा नमुना काढून आणा, आणि मग त्याच रंगांची थोडी उजळ आवृत्ती स्क्रीनसाठी करा. क्रम हाच ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर जांभळी अक्षरं तर टाळाच: साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक लागतो आणि गडद जांभळा तिथे हमखास नापास होतो.

विभागांना रंग द्याल तेव्हा त्यासोबत आकारही द्या, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नसतात. फाशांचे आकार आयतेच आहेत: बोर्ड गेमला चौकोन, रोल-प्लेइंगला वीस बाजूंच्या फाशाची षटकोनी बाह्यरेषा, व्हिडिओ गेमला वर्तुळ. (त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन असे चौघे एकत्र मात्र नको, तो सोनीच्या कंट्रोलरचा चेहरा आहे.) हेच आकार नकाशावर, वेळापत्रकात, टेबलाच्या क्रमांकावर आणि वेबसाइटच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) जसेच्या तसे यायला हवेत. माणूस फोनवर षटकोन पाहतो, मान वर करतो आणि समोर षटकोन टांगलेला दिसतो. ब्रँडचं एवढं काम झालं की बाकी सजावट.

मराठीचं काम मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. रोमन अक्षरांसाठी शोधलेला पिक्सेल फाँट देवनागरीत नसतो, मग ऐन वेळी कुणीतरी मिळेल तो फाँट टाकतं आणि मराठी पोस्टर दुसऱ्याच कार्यक्रमाचं वाटतं. दोन्ही लिप्या एका हाताने काढलेला फाँट सुरुवातीलाच निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फाँट मोफत परवान्यावर मिळतात. बलू मथळ्याला, मुक्त मजकुराला चांगला चालतो. निवडण्याआधी ‘ऱ्या’, ‘ॲ’, ‘ळ’, ‘क्ष’ लिहून पाहा. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फाँटांत दोन्ही रूपं आत असतात, पण पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलेली असेल तरच ब्राउझर मराठी रूप उचलतो. एका ओळीचं काम आहे, आणि बहुतेक साइटवर ते केलेलं नसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवायची रोमन हौस देवनागरीवर करू नका, शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

छापखान्याला फाइल देताना सगळा मजकूर कर्व्हजमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदलून द्या. तिथे काम कोरल ड्रॉवर चालतं, कित्येक ठिकाणी जुन्या आवृत्तीवर, आणि युनिकोड मराठी तिथे उघडली की वेलांटी उडी मारून दुसऱ्या अक्षरावर बसते. आणि कर्व्हज करण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या; नंतर ते बदलता येत नाही.

वेबसाइट दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा म्हणजे एकच पान, नाव नक्की झाल्याच्या आठवड्यात. तारीख वारासकट आणि वर्षासकट, ठिकाण, अंदाजे तिकीट, कुठलं वय चालेल, आयोजक कोण आहेत त्यांची खरी नावं आणि छायाचित्रं, आणि उचलला जाईल असा एक फोन क्रमांक. ‘लवकरच येत आहे’ आणि उलटे पळणारे सेकंद एवढंच असलेलं पान कुणाला काही सांगत नाही. तारीख आणि ठिकाण पोस्टरच्या चित्रात कोंडू नका, मजकूर म्हणून लिहा. चित्रातली तारीख शोधयंत्राला नीट वाचता येत नाही आणि ठिकाण बदललं तर जुनं चित्र गटागटांतून फिरत राहतं. कार्यक्रमाची माहिती शोधयंत्राला कळेल अशा ठरलेल्या साच्यातही भरा. दुवा व्हॉट्सॲपवर टाकल्यावर जे चित्र दिसतं ते १२०० बाय ६३० पिक्सेलचं, शक्यतो ३०० केबीच्या आत, आणि त्यावर तारीख ठळक. तुमची बहुतेक तिकिटं त्या एका चित्रावरून विकली जाणार आहेत.

दुसऱ्या टप्प्याचा जीव वेळापत्रकात आहे. बहुतेक जण पानाच्या वरच्या फिरत्या चित्रांवर जीव ओततात आणि वेळापत्रक पीडीएफ म्हणून चिकटवतात. फोनवर पीडीएफ चिमटीने मोठी करत वाचणाऱ्याला काही सापडत नाही. एक साधी तक्ता-फाइल (स्प्रेडशीट) करा: खेळाचं नाव, वेळ, टेबल क्रमांक, जागा किती, वय, नियम शिकवले जातील का, आणि कोणत्या भाषेत. हा शेवटचा रकाना विसरू नका. रोल-प्लेइंगचं टेबल मराठीत चालणार असेल तर तीच तुमची खासियत ठरू शकते, आणि ज्याला मराठी येत नाही त्याची फसगतही टळते. वेबसाइट, भिंतीवरचे तक्ते आणि स्वयंसेवकांच्या याद्या सगळं याच फाइलमधून निघावं. बदल एकाच ठिकाणी झाला की तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या दिसत नाहीत. गाळण्या दोनच ठळक ठेवा: ‘आत्ता सुरू होणारं’ आणि ‘नवख्यांसाठी’.

साइट हलकी हवी. हॉलमध्ये हजार फोन एकाच टॉवरवर लटकले की इंटरनेट गोगलगाय होतं, आणि वेळापत्रक लागतं नेमकं तेव्हाच. तयार पानं थेट पाठवणारी स्थिर साइट घ्या, वेळापत्रक एकदा उघडलं की फोनमध्ये साठून नेटशिवाय दिसेल अशी सोय करून घ्या, आणि देवनागरी फाँटचे जेवढे जाड-बारीक प्रकार वापरता तेवढेच चढवा, कारण त्या फाइली रोमनपेक्षा बऱ्याच जड असतात. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसणं ही गूगलची चांगल्या पानाची कसोटी आहे. ती स्वस्तातल्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर नव्हे, तपासा. वेगळं ॲप पहिल्या वर्षी मुळीच नको. दोन दिवसांसाठी कुणी ते उतरवून घेत नाही.

तिकीट विक्री स्वतःच्या साइटवर बांधू नका, तयार सेवा घ्या. कराची रक्कम आणि सेवाशुल्क मिळून शेवटचा आकडा पहिल्याच पानावर दाखवा. पैसे परत कधी मिळतील आणि कधी नाही ते दोन वाक्यांत लिहा. गैरवर्तनाचे नियम आणि तक्रार कुणाकडे करायची हेही वेगळ्या पानावर हवं. एकट्या येणाऱ्या मुली ते पान आधी उघडतात. ‘पालकांसाठी’ असं एक पान मराठीत, माणसाने लिहिलेलं, यंत्राने भाषांतरित केलेलं नव्हे: पैसे लावले जात नाहीत, कुठल्या वयाला कुठला विभाग, सोबत मोठं कुणी लागतं का, घ्यायला कुठे यायचं, जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं. जर्मनीतल्या गेम्सकॉम या व्हिडिओ गेमच्या मेळ्यात वयानुसार वेगळ्या रंगाच्या मनगटपट्ट्या देतात. ती युक्ती उचला, आणि पट्टीचं छायाचित्र या पानावर लावा.

लोकांची माहिती जेवढी लागते तेवढीच घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ई-थ्रीच्या आयोजकांच्या साइटवर दोन हजारांहून जास्त पत्रकारांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते असलेली तक्ता-फाइल कुणालाही उतरवता येईल अशी पडून होती. कसलाही हल्ला झाला नव्हता, नुसती उघडी फाइल होती. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली जाते आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. मुलाचं तिकीट पालकाच्याच नावाने आणि फोनने काढायला लावा. जन्मतारीख, शाळा, पत्ता विचारूच नका.

छायाचित्रांची अडचण प्रत्येक नव्या कॉनला येते: अजून झालंच नाही, तर फोटो कसले? परदेशातल्या हॉलचे विकतचे फोटो लगेच ओळखू येतात, आणि यंत्राने काढलेली चित्रं तर याच मंडळींना सगळ्यात जास्त खटकतात, कारण त्यांच्यात निम्मे स्वतः चित्रं काढतात. त्याऐवजी एखाद्या कॅफेत किंवा संस्थेच्या सभागृहात महिन्यातून एक खेळाचा दिवस ठेवा, नव्या पाट्या आणि टी-शर्ट तिथेच वापरून बघा, आणि परवानगी घेऊन फोटो काढा. पोस्टरचं चित्र गावातल्या एखाद्या चित्रकाराला पैसे देऊन करून घ्या. तो त्याच्या ओळखीतल्या चाळीस जणांना सांगेल.

पैशाचं विचारलंत. एजन्सीकडे जाऊ नका. एक डिझायनर आणि एक वेबसाइट करणारा, दोघं एकमेकांशी बोलणारे, एवढे पुरतात. सगळं बजेट लोगोत घालवू नका, निम्म्याहून जास्त छपाईला राखून ठेवा. करारात लिहून घ्या की मूळ फाइली, फाँटचे परवाने आणि चित्राचे हक्क तुमच्याकडे येतील. डोमेन, होस्टिंग, तिकीट सेवेचं खातं आणि इन्स्टाग्राम हे सगळं संस्थेच्या ईमेलवर काढा, कुणा एका मित्राच्या नाही, आणि पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या. दुसऱ्या वर्षापर्यंत गटातला एक जण बंगळुरूला नोकरीला गेलेला असतो, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्याच जुन्या ईमेलवर जाते.